पवळीचं ठाण

८ फेब्रुवारी १९७१, काष्टी
आज मीच गेले श्रीगोंद्याला, बँकेत. ह्यांना पाठवलं की हे साहेबांचा चहा पिऊन येतात आणि सांगतात, "साहेब लई चांगले हायेत." चांगले आहेत हो, पण तबेल्याला कर्ज देतात का?
बँकेचे एजंटसाहेब, म्हणजे शाखेचे मुख्य, तरुण, पुण्याकडचे. सगळं ऐकून घेतलं. दोन टांगे, तीन घोड्या, स्टेशनची भाडी, लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "बाई, म्हशी घ्या ना. गोठ्याला लगेच मंजुरी देतो. घोडा आमच्या कुठल्याच सदरात बसत नाही."
म्हटलं, साहेब, मग नवरदेव काय म्हशीवर बसवू? हसले. पण कर्जाचं काही बोलले नाहीत. येताना एस.टी. भरलेली, उभ्यानेच आले.

११ फेब्रु.
ह्यांचं म्हणणं, गोठा म्हणून लिहून देऊ, कोण येतंय बघायला. मी साफ नाही म्हटलं. पाहणीला माणूस आला तर कुणाच्या म्हशी उसन्या आणायच्या? एकदा खोटं लिहिलं की दर साल त्याला चंदी घालत बसा.
मागचा पावसाळा डोळ्यांपुढून हलत नाही. बोरीखाली ताडपत्री, खाली घोटाभर चिखल. बिजलीचे खूर सडले, तिचा टांगा उभा राहिला. पवळी त्याच चिखलात व्याली. शिंगरू उभं राहायला किती धडपडलं. दोन दिवस काढले त्याने, मग गेलं. पवळी त्यानंतर तीन दिवस त्या जागेवरून हलली नाही.
आता ती पुन्हा गाभण आहे. आषाढात व्यायची. यंदा कोरड्यात व्यायला पाहिजे. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी पुरं करून घेणार.

१९ फेब्रु.
एजंटसाहेब भला माणूस. निरोप धाडून बोलावून घेतलं. म्हणाले, "तोडगा सापडला. टांगा म्हणजे वाहतूक. वाहतुकीच्या धंद्याला कर्ज देता येतं. घोडी म्हणजे त्याचं इंजिन, आणि इंजिन पावसात ठेवता येत नाही." स्वतःच खूश झाले होते.
सहा घोड्यांचा तबेला. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. कर्जाला कोरडवाहू जमीनवाल्याचा नाही, बागायतदाराचा जामीन पाहिजे. सव्वा महिन्यात कागद आणा म्हणाले, मार्च संपायच्या आत.
बागायतदार आमच्यात एकच. ह्यांचे मामा. नदीकाठी ऊस, आणि घोड्यांची पारख अशी की काष्टीच्या बाजारात त्यांना दाखवल्याशिवाय कुणी घोडी घेत नाही. हे लगेच म्हणाले, "मामा न्हाई म्हननार न्हाईत." मामा कधी नाही म्हणत नाहीत, अट घालतात. मला माहीत आहे.

२८ फेब्रु.
मामा आले. आधी घोड्या बघीन, मग सही, म्हणाले. ठीकच आहे, जामीन त्यांचा.
बिजलीच्या गळ्यावरून हात फिरवला, देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, सापडला, खूश. म्हातारी तुळशी पास. पवळीला नेमका त्याच वेळी नालबंद नाल मारत होता. तिचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून मांडीवर घेतलेला. मामा तिथेच वाकले, नडगीवर बोट फिरवलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.
"ह्यो भवरा वर तोंडाचा. खुंटउपाड."
नालबंदाने पाय तसाच खाली सोडला. हे पांढरे पडले. पायावरच्या भोवऱ्याचं तोंड खाली असलं तर खुंटगाड, ती घोडी दारात खुंटा रोवते. तोंड वर असलं तर खुंटउपाड, धन्याचं ठाण उठवते. असं सगळे मानतात.
मामा म्हणाले, "आन् सूनबाई, तू हिच्यासाठी ठाण बांधाया निघालीस? हिला आधी इका. त्याबिगर मी कागदाला हात लावनार न्हाई."
चहा न घेता गेले.

१ मार्च
ह्यांना विचारलं, चार वर्षांपूर्वी घेताना बघितलं नव्हतं का? म्हणाले, "बघितलं हुतं. कायतरी हुतं. चांगलंच हुतं." धन्य.
खरं लिहायचं तर मलाही भीती वाटली. ते शिंगरू गेलं ते यामुळे का, असं मनात आलं. खरारा करताना पवळीच्या पायाकडे बघायचं टाळलं मी. ती नेहमीसारखी पदराला तोंड घासत होती. मला मामांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.
हे म्हणतात शनिवारी बाजारात नेऊ. एक घोडी गेली तरी तबेला तर होईल. हिशोबाने बरोबर आहे. मी हो म्हटलं.

६ मार्च, बाजार
आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते. गावभर तर होईलच.
घोड्यांच्या बाजूला बायका येत नाहीत. मी गेले. लोक बघत होते, बघोत. नेवाशाकडचा एक व्यापारी पुढे झाला. ह्यांचा हात रुमालाखाली घेतला, बोटांची दाबादाबी सुरू. आणि आमचे हे! रुमालाखाली भाव चाललेला असताना तोंडाने सांगून टाकलं, "पाव्हणं, घोडी खुंटउपाड हाय, मागनं बोल नको." व्यापाऱ्याने तोंड वाकडं केलं, निम्म्यावर उतरला असणार, कारण ह्यांचे खांदे पडले. मग खात्री करायला तो पवळीच्या पायाशी बसला. उठला तो एकदम घाईत. "असू द्या, असू द्या. घेतो मी. आत्ताच दावं सोडा."
मला खटकलं. खुंटउपाड घोडीला एवढी घाई कशाची?
पदर खोचला आणि भर बाजारात मी पवळीच्या पायाशी बसले. ती चारी पायांवर सरळ उभी होती. नडगीवरचे केस नीट बोटाने बघितले. तोंड खाली. स्वच्छ खाली. खुंटगाड!
व्यापारी दुसरीकडे बघायला लागला. ह्यांचा हात अजून रुमालाखालीच. मी रुमाल ओढून काढला. असं कुणी करत नाही, सौद्याचा रुमाल दुसऱ्याने ओढायचा नसतो. एक म्हातारा म्हणाला, "अगं बाई, हे काय केलंस?" काय केलं ते मला ठाऊक होतं. दावं धरलं आणि घोडी घरी आणली. हे मागून रुमाल घेऊन. तो व्यापाऱ्याचा होता हे घरी आल्यावर कळलं.

७ मार्च
उलगडा झाला. नालबंदाने पाय दुमडून धरला होता. दुमडलेल्या पायावर वरचं खाली होतं. मामांनी उलटं वाचलं. एवढे जाणकार, पण गडबडीत बघितलं.
हे पोट धरून हसले. मीही हसले आणि लगेच मामांकडे गेले. तिथेच चुकलं. ओट्यावर चारपाच माणसं बसलेली, ऊसतोडीचं बोलणं चाललेलं. मी तशीच सगळ्यांसमोर बोलले. "मामा, पाय दुमडला होता, म्हणून तुम्हाला उलटं दिसलं." आतून मामी खुदकन हसल्या. मामांचं तोंड बघून मला कळलं, संपलं.
"माजं केस पांढरं झालं घोडी बघून. आन् तू मला शिकिवतीस? उपाड म्हंजी उपाड."
थोडं थांबून, एकट्याला गाठून बोलले असते तर! माझी जीभ माझ्याआधी घरातून निघते.

१५ मार्च
दुसरा जामीन शोधतो आहोत. दोघांकडे गेलो. दोघांनीही पाणी दिलं आणि विचारलं, "मामा काय म्हनत्यात?"
वैशाखातल्या एका लग्नाचा निरोप आला. घोडी पाहिजे, पण "ती पवळी सोडून दुसरी". म्हणजे बातमी पोचली. तबेला राहिला बाजूला, आता घोडीचं नावही गेलं. तिने काय केलं बिचारीने?
एजंटसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांना भोवरा म्हणजे काय तेच कळेना. त्यांच्याच डोक्यावरचा दाखवावा लागला. हसले, मग गंभीर झाले. "जामिनाशिवाय माझे हात बांधलेले आहेत, बाई."

२० मार्च
आज हे जेवताना मान खाली घालून बोलले. "पवळी इकायची न्हाई. कुनीबी सांगू दे. पत्रे न्हाई जमले तर न्हाई. पाया तर आपल्या हातानं खनता येतो न्हवं?"
लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी एवढं ठामपणे काही सांगितल्याचं आठवत नाही. भाकरी वाढली.

२७ मार्च, पाडवा
गुढी उभारली आणि कुदळ घातली. हे खणतात, मी पाट्या उचलते. जमीन कडक. हाताला फोड.
उन्हं चढल्यावर मामा आले. बोलावलं नव्हतं. काठी टेकून चराच्या कडेला उभे राहिले. मी ओठ दातांखाली दाबून धरला, या वेळी शब्द नाही काढायचा.
"दार कुनीकडं?"
"पूर्वेला," हे म्हणाले.
"घोडी आना."
ह्यांनी पवळीला आणलं. चारी पायांवर उभी राहिली. मामा वाकले नाहीत, हात लावला नाही. लांबूनच बराच वेळ तिच्या पुढच्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पावसाचा मारा मावळतीकडनं येतो. ती भित वाइच उंच घ्या."
जाताना जामिनाचे कागद मागितले. मी आणून दिले. घडी घालून कोटाच्या खिशात ठेवले.
"सही..." हे म्हणायला लागले, मी चिमटा काढला.
"बघतो," म्हणाले, आणि गेले.

३० मार्च
मामांचा निरोप नाही. उद्या महिना संपतो. हे म्हणतात जाऊन विचार. मी जाणार नाही. चारचौघांत त्यांचा शब्द मी पाडला, तो आता त्यांना त्यांच्या पद्धतीने उचलू दे. उचलतील की नाही, देव जाणे. एजंटसाहेबांना कळवलं आहे, उद्या दुपारपर्यंत वाट बघतो म्हणाले.
चर गुडघाभर झाला, मुरूम लागला. सही आली तर सहा घोड्यांचं. नाही आली तर एकीपुरतं, कुडाचं, गवताने शाकारून. उद्याची दगडाची गाडी सांगितली आहे, ती काही मी परत पाठवत नाही.
संध्याकाळी पवळीच्या पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली, चांगली जोरात. म्हटलं, थांब रे बाबा, भिंत वर येऊ दे.