वकिलाचा मायाळू आवाज

मंगळवार, संध्याकाळ

आज कोर्टात गावच्या दामोदरसाठी, तळ्यातल्या मासेमारीच्या हक्काच्या दाव्यात साक्ष दिली. त्याचे आजोबाही गावतळ्यात मासे धरायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं. समोरच्या वकिलाचा आवाज किती मायाळू! "गुरुजी, कवितेची आवड आहे म्हणे? तळ्यावरची एखादी म्हणा ना." कित्येक वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी चालीत म्हटली. मग तो त्याच मऊ आवाजात न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, साक्षीदार कल्पनेत रमतात." सगळे हसले.

बाहेर दामोदर चिडला. "गुरुजी, तिथं काऊन गाऊन राह्यले होते? माहं तळं जाते ना आता!" सावली गावाच्या बसमध्ये तो लांब जाऊन बसला.

तो आवाज खोटा होता, कळतंय. तरी कानातून जात नाही. पुढच्या तारखेला माझ्या उरलेल्या उलटतपासणीत त्यानं पुन्हा तसंच विचारलं, तर मी गप्प राहीन ना?