दर्भाचा कावळा

४ ऑक्टोबर १९७८, बुधवार. लील, फ्रान्स.

पोचलो एकदाचा! आधी विमान, मग पॅरिसहून आगगाडी, आणि आता लाल विटांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझी स्वतःची खोली. मॉरिशसला, आमच्या बों अक्योय गावी, बा, आई, बहीण निर्मला आणि मी असे चौघं दोन खोल्यांत राहतो. इथे एकट्याला पलंग, टेबल, दिवा, आणि भिंतीलगत गरम पाण्याच्या नळ्या. हात लावू नकोस, असं बजावलं होतं. मी लावलाच, आणि चटका बसला.

रोज एक पान मराठीत लिहायचं, असं चंद्रमोहन गुरुजींना कबूल केलंय. गावातल्या मराठी मंडळाच्या संध्याकाळच्या वर्गात काना-मात्रा त्यांनीच शिकवल्या. निघताना ही वही हातात दिली आणि म्हणाले, तिकडे फ्रेंच बोलशील, क्रेओल बोलशील, मराठीला गंज चढेल. शिवाय इथे ही वही कुणाच्या बापाला वाचता येणार नाही, तेव्हा वाट्टेल त्याची उणीदुणी काढायला मोकळीक आहे.

सुरुवात मादाम लेरू या वॉर्डनबाईंपासून. बाई प्रेमळ आहेत, पण देवराज हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसत नाही. शेजारच्या खोलीत मॉरिशसच्याच त्रियोले गावचा सत्यदेव आहे, डॉक्टरकी शिकतो. त्याचंही बसत नाही. म्हणून आम्ही दोघेही ‘मॉरिशसचा मुलगा’. मी काळा आणि बुटका, तो गव्हाळ आणि माझ्याहून वीतभर उंच. तरी त्याची चिठ्ठी माझ्या दाराखाली आली!

आमच्याकडच्या रेदुईच्या विद्यापीठाने मला वर्षभरासाठी इथे पाठवलं आणि बदल्यात इथली एक मुलगी तिकडे घेतली. ती ऊस शिकणार, मी बीट. उसाच्या मुलखातला माणूस बीटाची साखर शिकायला गेला, म्हणून बा अजून हसत असेल.

१५ ऑक्टोबर, रविवार.

पाऊस आणि धुकं. दिवसभर सत्यदेवच्या खोलीत बसलो. क्रेओलमध्ये, आमच्या बेटाच्या बोलीत, गप्पा मारल्या की दोघांनाही बरं वाटतं. त्याने या आठवड्यात पहिल्यांदा प्रेताची चिरफाड केली आणि जेवणाच्या वेळीच मला त्याचं वर्णन सांगायला घेतलं. मग मीही सोडलं नाही. बा एरवी ऊसतोडीच्या टोळीचा सरदार, पण गावात मराठ्यांच्या घरी कुणी वारलं की गरुडपुराण वाचायला त्यालाच बोलावतात. लहानपणी पानं उलटायला मी शेजारी बसायचो. दहा दिवसांचे दहा पिंड, आणि रोजच्या पिंडाने गेलेल्याचा एकेक अवयव तयार होतो. पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी कान, डोळे आणि नाक, मग मान, खांदे, छाती, असं खाली खाली.

सत्यदेव म्हणाला, तुम्ही जोडता आणि आम्ही सुटं करतो, दोघांनी मिळून दुकान काढू. हसून हसून पोट दुखलं. घरची आठवण येते, पण हा शेजारी असला की वर्ष सहज निघेल.

११ नोव्हेंबर, शनिवार.

उद्या सकाळी बीटाच्या कारखान्यावर जायचंय, पाच दिवसांसाठी. आमच्या गटातले मी आणि दोन पोलिश मुलगे. तिथे जाडा कोट कारखानाच देतो, म्हणून माझा सत्यदेवला दिला. त्याला उद्या त्याच्या प्राध्यापकांनी दुपारच्या जेवणाला बोलावलंय, आणि त्याच्या कोटाचं अस्तर लोंबतंय. माझा कोट त्याला आखूड झाला. बाह्या मनगटाच्या वर. म्हटलं, जेवताना त्या बुडणार तरी नाहीत.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. कारखाना.

बीटाचे डोंगर. ते धुतात, कापतात, गरम पाण्यात भिजवतात. वास मात्र उसाच्या गिरणीचा नाही, ओल्या मातीचा. काम छान चाललंय. माझं विद्यार्थी-कार्ड कोटाच्या आतल्या खिशात राहिलं, त्यामुळे फाटकावर जरा हुज्जत घालावी लागली.

दुपारपासून डोकं जड आहे. दुखत नाही, नुसतं बधिर झालंय.

१५ नोव्हेंबर, बुधवार.

कान बंद झाल्यासारखे झालेत. यंत्रांचा आवाज असेल. मुकादमाला काही विचारलं की तो माझ्या बाजूच्या माणसाकडे बघून उत्तर देतो. दोनदा मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो. सर्दी होणार बहुतेक.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. लील.

क्रमाने लिहितो.

सत्यदेव गेला. रविवारी जेवून परत येताना कालव्याच्या निसरड्या काठावरून पाय गेला. दोन तासांनी बाहेर काढला. अंगात माझा कोट, खिशात माझं कार्ड. मादाम लेरूंनी जाऊन ओळख पटवली: हाच तो मॉरिशसचा मुलगा, कार्डावरचा. सोमवारी त्यांनी आमच्या घरी तार केली. मंगळवारी बाची उलट तार आली. देह तिथेच अग्नीला द्या, आमचे विधी आजपासून सुरू. दहनाची परवानगी अजून यायचीय, तोवर देह शवागारात आहे.

मी दारात उभा राहिलो तर बाईंनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, सत्या, बाळा, तुझा मित्र गेला. मी सांगितलं, मी देवराज. तीनदा सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाला, धक्का बसलाय, झोपू द्या. माझी खोली रिकामी आहे. पेटी पासपोर्टसकट बांधून वकिलातीत पाठवली. मी सत्यदेवच्या खोलीत, सत्यदेवच्या पलंगावर आहे.

मी त्याच्यासाठी रडलो, पोटभर. त्रियोलेत कुणी रडत नाही. त्याची आई आज नेहमीसारखी बाजाराला गेली असेल.

पोस्टात जाऊन तार केली, रोमन अक्षरांत मराठी: मी जिवंत आहे, चूक झाली, विधी थांबवा, देवराज. शिवाय गावातल्या चिनी दुकानदाराच्या फोनवर ट्रंक कॉलचा नंबर लावला. लाइन थेट गुरुवारी सकाळी नऊला मिळणार.

मंगळवारी सुरू म्हणजे आज चौथा. मंगळवारी डोकं. बुधवारी कान. — नाही. मी शिकलेला माणूस आहे. तार पोचेल, आई सगळ्यांवर ओरडेल, आणि बा लाजेल. एवढंच होईल.

१८ नोव्हेंबर, शनिवार.

दाढी करायला आरशासमोर बसलो. चेहरा आहे. पण कुणालाही चालेल असा. माझा म्हणून काही सापडेना, दहा मिनिटं शोधत होतो.

वर्गातल्या मुलांना गाठलं. पोलिश मुलगे, ज्यांच्याबरोबर मी काल गाडीत भाकरतुकडा खाल्ला! त्यांनी टोप्या काढल्या आणि तुझ्या मित्राचं वाईट झालं म्हणाले. आमच्याबरोबर कारखान्यावर आला होता बिचारा, असंही म्हणाले. मी विचारलं, अरे, मग तो बुडाला केव्हा? त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि निघून गेले.

जेवलो नाही. आठवणच झाली नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार.

बाने माझ्या तारेला उत्तर दिलं नाही. त्याने मादाम लेरूंना तार केली: माझ्या मुलाच्या नावाने तार आली, खरं काय ते कळवा. बाईंनी खरं ते कळवलं. देह मी स्वतः पाहिला, खात्रीने तुमचाच मुलगा, त्याचा मित्र दुःखाने भ्रमिष्ट झालाय, क्षमा करा. मला हे सगळं त्यांनीच प्रेमाने सांगितलं, हात हातात घेऊन.

मी म्हणालो, चला शवागारात. आत्ता. दाखवतो तुम्हाला तो किती उंच आहे.

गेलो. चादर दूर केली —

तो मी आहे.

काळा, बुटका. माझे कान. डाव्या भुवईत कोयता लागल्याची खूण, सातव्या वर्षीची. मी माझ्या भुवईवर बोट फिरवलं. गुळगुळीत. तिथला माणूस म्हणाला, आधी प्रेत उंच वाटलं होतं, पाण्यातून काढलं की असं होतं कधीकधी. मादाम रडत होत्या. मग सत्यदेव कुठे गेला? मी ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, तू सत्यदेव, बाळा.

बा हाताने भात मळतो, तीळ घालतो, पिंड वळतो. माझ्यावरच्या मायेने वळतो. आज सातवा.

२१ नोव्हेंबर.

आज बाईंनीही हाक मारली नाही. मी कचेरीत त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी दिवा मालवला, दार ओढून घेतलं. सत्यदेवच्या खोलीवर ‘रिकामी’ अशी पाटी.

पाचव्या दिवसापासून पाय वाजत नाहीत जिन्यावर. हे आज लक्षात आलं.

दुसरी तार केली. पोस्टाच्या खिडकीत फॉर्म आणि पैसे सरकवले. तिथल्या बाईने फॉर्म उचलला, माझ्याकडे न बघता शिक्का मारला. कागद दिसतो. मी नाही.

२२ नोव्हेंबर.

उद्या दहावा. उद्याच फोन.

एक आशा आहे. कावळा! मी मेलेलो नाही, तर पिंडाला कावळा शिवणार नाही. खऱ्या कावळ्याला ते कळेल. नदीवर सगळे थांबतील, दुपार होईल, कावळा नाही. तेव्हा बाला शंका येईल. आईला तर येईलच. आणि तेवढ्यात माझा फोन —

आमच्या गावात कावळे नाहीत. पोर्ट लुईच्या बाजाराकडे म्हणे दिसतात. आमच्याकडे बा दर्भाची काडी वळून कावळा करतो आणि तोच पिंडाला टेकवतो. मीच किती वेळा दर्भ भिजवून दिलाय त्याला. जिवंत माणूस असला तरी तो कावळा शिवणार. तो कधी नाही म्हणत नाही.

फक्त त्याच्या आधी आई फोनवर यायला हवी. नऊ म्हणजे तिकडे बारा. देवा, तेवढं कर.

२३ नोव्हेंबर. सव्वानऊ. पोस्ट.

बोललो. आईशी बोललो.

दुकानदाराने पोराला नदीवर पळवलं. ती ओल्या लुगड्याने धावत आली, धाप ऐकू येत होती. मी म्हटलं, आई, मी. मग तिच्या तोंडून आपसूक निघालं, “जेवलास काय रे?”

हे ती जिवंत माणसाला विचारते! मला इतका आनंद झाला की मी खरं तेच बोललो. नाय आई, पाच दिवस जेवलो नाय, भूकच लागत नाय.

मग ती हमसून रडायला लागली. म्हणाली, “तुजा बा बोललाच व्हता. धाव्या पिंडापर्यंत भूक नसते म्हनून. आज देतो हां बाबू. आज लागंल.”

मी ओरडलो. मी जिवंत आहे, दर्भाचा कावळा करू नका, थांबा, कुणीतरी इथे या आणि बघा. ती ऐकत नव्हती. ती घाईघाईने शब्द देत होती, नदीवर देतात तसे. “निर्मलाचं लगीन थाटात करू. तुजी पुस्तकं कुनाला देनार नाय. मी रडनार नाय, तुला अडकवनार नाय. जा रे माझ्या राजा, मागं बगू नको.”

आई, नको, आई —

बाचा आवाज आला. तो दुकानाच्या दारातून म्हणाला, चल, वेळ झाली. तिने फोन ठेवला. हळूच ठेवला.

मी फोनच्या खोक्यात उभा. एक माणूस दार उघडून आत आला आणि मी जिथे उभा तिथेच उभा राहून नंबर सांगू लागला —

त्याच दिवशी, नंतर

शिवला.

कळलं. पोटात एकदम खड्डा. भूक. अशी भूक कधीच —

खाणावळीत गेलो. पाव उचलला, बटाटे उचलले, कोण अडवणार. तोंडात घातलं. चव नाही, गिळलं तर कुठे जात नाही. खाली फरशीवर पडलेलं. सगळं जसंच्या तसं —

नळाखाली तोंड धरलं. पाणी आरपार —

२४

तहान. भूक. दोन्ही थांबत नाहीत. बा वाचायचा ते हेच, यमाच्या वाटेवर वर्षभर चालायचं असतं असं, वर्षभर —

पेन्सिल धरलीय असं वाटतं. हात दिसत नाही, अक्षर उमटतंय —

शवागारात तो शांत आहे. त्याला भूक नाही.

तेराव्याला पान वाढतील. दाराबाहेर ठेवतील. इतक्या लांब कसं —

आई, तू विचारलंस आणि मी चुकीचं सांगितलं. पुन्हा विचार. एकदाच विचार. आता खरं सांगतो, आता लागलीय, आई, मला खूप भू