आठव्या भागातले गाळलेले वाक्य

तातेयामा, ३ मार्च

ती. त्सुयाकोआत्या यांस,
मोरिमिचीचा सा. न. वि. वि.

चित्रीकरण सुरू होऊन दहा दिवस झाले. तुमच्या शेजारणींसाठी मालिकेची कथा एवढीच: प्रवासी बोट फुटते आणि अकराजण निर्जन बेटावर अडकतात. मी बोटीवरचा कारकून, अन्नाचे डबे लपवून ठेवणारा. तोवा नावाचा बावीस वर्षांचा गायक पोरगा मला सुधारतो आणि आमची मैत्री होते. प्रत्यक्षात मला त्याचे तोंड पाहवत नाही. वीस वर्षे रंगभूमीवर घासल्यावर हा जोडीदार मिळावा, हे माझे नशीब.

कथेत भर उन्हाळा, इथे समुद्रावर हाडे गोठतात. तोंडातून वाफ दिसली की दृश्य वाया जाते, म्हणून आम्ही जुने लोक आधी तोंडात बर्फ धरतो. तोवाला ते ठाऊक नाही. मीही सांगितले नाही. परवा त्याचे एक दृश्य चौदा वेळा घ्यावे लागले. पोटात चूल पेटवून आलास काय रे, असे दिग्दर्शकाने विचारले तेव्हा मी हसू लपवले नाही.

संहिता अजून लिहिली जात आहे. आठव्या भागात एकाने मरायचे आहे. कोण गेला तर चालेल, असे निर्माती ओगुशीबाईंनी मला विचारले. मी तोवाचे नाव घेतले. त्याला अभिनय येत नाही, हे चौदा वेळा सिद्ध झाले आहे. तुम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेत, चूक असल्यास दाखवावी.

लोभ आटू देऊ नये.
मोरिमिची

मात्सुयामा, ८ मार्च

चि. मोरिमिची यास अनेक आशीर्वाद.

चूक दाखवावी असे लिहिलेस, म्हणून दाखवते. चौदा प्रयत्न लागले ते वाफेमुळे. वाफेवरचा उपाय तुला ठाऊक होता आणि तू तो सांगितला नाहीस. म्हणजे ज्याला तू पुरावा म्हणतोस, तो तुझ्याच मौनाने तयार केलेला आहे. त्या मुलाला अभिनय येत नसेलही; परंतु तुझ्या पत्रातून मला त्याच्याविषयी काहीच कळले नाही, तुझ्याविषयी मात्र पुष्कळ कळले.

संत्र्यांची पेटी धाडली आहे. एकट्याने संपवू नकोस. पोट बिघडते आणि स्वभावही.

तुझी,
त्सुयाकोआत्या

तातेयामा, २७ मार्च

ती. आत्या यांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आले तेव्हा राग आला होता. आता येत नाही, हे अधिक त्रासाचे आहे.

बर्फाची युक्ती तोवाला रंगभूषा करणाऱ्या बाईंकडून कळली. दुसऱ्या दिवशी तो थर्मासभर बर्फ घेऊन आला, सगळ्यांना वाटला आणि पहिला तुकडा मला दिला. काठीवर काठी घासून जाळ करण्याचे दृश्य सामानवाले गॅसवर उरकणार होते. त्याने तळवे सोलून घेऊन ते शिकून घेतले. हल्ली रोज संध्याकाळी माझ्या खोलीवर वाक्ये पाठ करायला येतो, मला बुवा म्हणतो आणि तुमची संत्री फस्त करतो. बुवा, तुम्ही पडद्यावर सुधारायला इतका वेळ का लावता, अशी त्याची थट्टा चालते.

काल आठव्या भागाची छापील संहिता आली. तोवा मरतो. मी ओगुशीबाईंकडे धाव घेतली. त्या हसून म्हणाल्या, नाव तुम्हीच तर सुचवलंत; आणि आता तो सगळ्यांचा लाडका होणार, म्हणजे मरण आणखीच चटका लावेल.

नाव मी सुचवले हे सांगितले तर पोरगा तुटेल, न सांगितले तर मी त्याच्याबरोबर कोणत्या तोंडाने जेवू? सल्ला द्यावा.

मोरिमिची

मात्सुयामा, १ एप्रिल

चि. मोरिमिची यास आशीर्वाद.

सांग, आणि त्याच्या मरणाच्या दृश्याआधी सांग. नंतर सांगितल्यास त्याला रागावण्याची सोय उरत नाही. निरोप घेताना कोणी भांडत नाही, आणि हे तू जाणतोस म्हणूनच नंतरचा विचार तुला सुचेल.

मात्र अपराध मोजून सांग. बर्फाविषयीचे मौन सर्वस्वी तुझे. मृत्यूचा निर्णय ओगुशीबाईंचा. त्यात तुझे एक वाक्य आहे, अधिक नाही. आपला अपराध वाढवून सांगणे हीही एक फुशारकीच असते.

हे लिहिताना मला तुझी काळजी वाटत नाही असे समजू नकोस. थंडीत गळा झाकत जा.

त्सुयाकोआत्या

तातेयामा, ९ एप्रिल

ती. आत्या यांस सा. न. वि. वि.

सांगितले. बर्फाविषयीचे माझे मौन त्याला युक्ती कळली तेव्हापासूनच ठाऊक होते. चार दिवस तुम्हाला मनातल्या मनात समुद्रात बुडवत होतो बुवा, असे म्हणून तो हसला. मग मी नाव सुचवल्याचे सांगितले. ते त्याला ठाऊक नव्हते. हातातले संत्रे अर्धे सोललेले होते. ते तसेच ठेवून तो उठला. पुढे दोन दिवस तालमीपुरते बोलणे, बाकी नाही.

काल त्याच्या मरणाचे दृश्य झाले. माझ्या मांडीवर डोके ठेवून त्याने म्हणायचे होते की, डबे लपवलेस त्याबद्दल माझा राग नाही. तो ते बोललाच नाही. माझे मनगट घट्ट धरले, बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. दिग्दर्शकाने तेच ठेवले. मी रडलो, तो अभिनय नव्हता.

काम संपलेल्या नटाला देण्याच्या रिवाजाप्रमाणे त्याला पुष्पगुच्छ दिला, टाळ्या झाल्या. एकेकाला वाकून नमस्कार करत तो सर्वांत शेवटी माझ्यापाशी आला. म्हणाला, वाक्य विसरलो नव्हतो बुवा. अजून खरं म्हणता येत नव्हतं, म्हणून गाळलं, खरं झालं की येऊन म्हणेन. गाडीत बसला आणि तोक्योला गेला.

आत्या, मी त्याला फोन करू का?

मोरिमिची

मात्सुयामा, १३ एप्रिल

चि. मोरिमिची यास अनेक आशीर्वाद.

करू नकोस. मागून घेतलेली क्षमा ही वसुली असते. त्याने येईन म्हटले आहे, आणि न पटलेले वाक्य तो नोकरीखातरसुद्धा उच्चारत नाही, हे तू डोळ्यांनी पाहिले आहेस. अशा माणसाच्या शब्दावर थांबता येते.

थांबणे कठीण जाईल. तेवढे दिवस इकडे राहायला ये. दोन खोल्या झाडून ठेवते. तुला एकच लागेल, हे मला समजते; दुसरी तो येईल तेव्हासाठी.

वाट पाहणारी,
त्सुयाकोआत्या