नाव कुणाचं घ्यायचं

२ ऑक्टोबर १९५६, जयपूर

चारुलताबाईंनी आज मला पकडलंच! साठी उलटली तरी टांग्यातून अशा उतरतात की टांगेवालाच दचकतो. इंग्रजांच्या राज्यात बायकांना मत मिळावं म्हणून यांनी सभा गाजवल्या. हल्ली आदर्श नगरात पुतण्याकडे असतात.

मी म्हटलं, मत तर मिळालं की आता! तर म्हणाल्या, "मिळालं, पण यादीत नावं कुठायत? गेल्या खेपेला कितीजणी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' म्हणून लागल्या नि खोडल्या गेल्या. चल सुनंदा, तुझं हिंदी बरं आहे."

हे म्हणाले, "घरमालक भडकला तर बिऱ्हाड हलवावं लागेल हं." हलवू!

५ ऑक्टोबर

सुरुवात आमच्याच खालच्या मजल्यापासून. घरमालकांची सून — सगळे तिला 'नंदू की माँ' म्हणतात. घुंगट हनुवटीपर्यंत. नाव विचारलं की मान खाली. सासू म्हणाली, "हमारे यहाँ बहू अपना नाम नहीं बतावे."

मी फणकारले — आमच्यात नाही हो असलं! आम्ही बेधडक नाव घेतो! आणि ठसक्यात उखाणा घेऊन दाखवला. बाई हसून हसून बेजार. "अगं वेडे, 'नाव घे' म्हटलं की तूही नवऱ्याचंच घेतलंस की!"

राग आला. संध्याकाळभर बोलले नाही त्यांच्याशी.

९ ऑक्टोबर

राग टिकतो कुठला! भाषण नाही, उपदेश नाही — बाई सरळ गच्चीवर त्या सुनेसोबत मंगोड्या घालायला बसल्या. आपल्या सांडग्यांसारख्याच असतात. हात पिठात माखले, तेव्हा हळूच विचारलं, "पीहर में क्या कहते थे तुझे?"

माहेरचा विषय निघाला आणि ती घुंगटाआड हसली! बाईंच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. मला ऐकू आलं नाही. बाईंसारखं माणूस मी पाहिलं नाही.

१० ऑक्टोबर

मंगोड्या बऱ्या जमल्या. ह्यांनी दोनदा वाढून घेतल्या.

१७ ऑक्टोबर

यादीचे बाबू आले. सासू समोर बसलेली. सून मुकी! मला राहवेना — बाई, तुम्हाला ठाऊक आहे ना, सांगून टाका की! उद्या शेवटचा दिवस!

बाई हलल्या नाहीत. बाबू कंटाळून गेले. उद्या शाळेत बसणार म्हणे.

जिन्यात मी भांडलेच. त्या थकून पायरीवर बसल्या. "सुनंदा, आमच्या वेळी पुरुष उठून सांगायचे, 'आमच्या बायकांना मत नकोच आहे.' माझ्या वतीनं बोलणारे खूप भेटलेत गं. मी कुणाच्या वतीनं बोलायची नाही."

बरोबर आहे त्यांचं. पण नाव गेलं ना बिचारीचं!

१८ ऑक्टोबर

सासू देवळात गेलेली. जिन्यावर पैंजण वाजले. दारात ती — एकटी, घुंगट कपाळापर्यंत वर.

"म्हारो नाँव केसर छै. चालो, लिखवा आवाँ."

मी शाळेत जायला चपला शोधत होते. तिनं विचारलं, "और थाँको? पीहर में?"

लग्नात तांदळावर 'सुनंदा' लिहिलं, तेव्हापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

शालन. माझं नाव शालन.