बंद पट्ट्याच्या कडेनं

प्रिय दादा,

हो, मीच बंद केलंय. ओरडू नकोस, आणि लगेच जनरेटरकडे पळू नकोस. तिथल्या तारा मी एकूण एक काढून टाकल्यात. त्या जोडत बसलास तर तुझी अख्खी दुपार जाईल, त्यापेक्षा हे वाच. फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघतोस आणि सोडून देतोस. पण या आपल्या कारखान्यात रोज येऊन जातोस, हे मला कळतं. मी आत आले की दिसतंच, दलदलीपलीकडे एक नवीन भट्टी, माल वाहणारा एक नवीन सरकता पट्टा. म्हणून पत्र इथेच लावलंय, कॉम्प्युटरवरच्या या आपल्या खेळाच्या आत. एका पाटीवर मावेना, तेव्हा खाणीपासून गोदामापर्यंत पट्ट्याच्या कडेनं पाट्या ठोकत गेलेय. चालत चालत वाच. पट्टा बंद आहे, आज चालावंच लागेल.

किती शांत आहे बघ. आपण हा ग्रह पहिल्यांदा उघडला तेव्हा असाच होता. खाली लोखंड, वर दोन सूर्य आणि हातात एक हातोडी. शाळेतून आलो की दप्तर दारात टाकून आपण बसायचो, एका खुर्चीत दोघं, माझा अर्धा पाय कायम बाहेर. तू आखायचास, मी राबायचे. स्क्रू करायचं यंत्र माझ्याकडे होतं आणि ते सारखं अडायचं, म्हणून माझं नावच स्क्रू पडलं. घरात पडलं, मग आईच्या कामावरच्या बायकांतही पडलं. सुट्टीत मी तिथे पुठ्ठा निवडायला जायचे तेव्हा त्या विचारायच्या, आली का गं ढिली होऊन. आईला हसू आवरायचं नाही.

तुझा नियम एकच होता. थांबता कामा नये. कुठे अडलं तर ते का अडलं हे शोधायच्या भानगडीत तू कधी पडला नाहीस. तू वळसा काढायचास. यंत्र तुंबलं, माल बाजूनं पळव. फ्यूज उडतोय, तो आपोआप परत बसेल असं काहीतरी लाव. मी म्हणायचे, अरे पण ते उडतंय कशानं? तू म्हणायचास, तुला काय करायचंय, चालतंय ना? आणि खरंच चालायचं. मला तर वाटायचं आपला दादा म्हणजे जगातला सगळ्यात हुशार माणूस. आपण पट्ट्यावर उभे राहून थेट भट्टीच्या तोंडात जायचो आणि पलीकडून धड बाहेर यायचो. आठवतं? तू दोन्ही हात सोडून जायचास. इथली यंत्रं माणसाला काही करत नाहीत. खेळ बनवणाऱ्यांनी ते हिशेबातच धरलेलं नाही, कारण या ग्रहावर माणसंच नाहीत. तू आणि मी, बस्स.

आता भट्टीला वळसा घालून पुढे ये. इथपर्यंत गोड गोड होतं.

आईच्या कारखान्यातला पट्टा तू शेवटचा कधी पाहिलास? चित्रातला नाही, खरा. बायका दोन्ही बाजूंना उभ्या असतात, रद्दीतून काच-पत्रा वेचतात, आणि राहिलेला कागद वर चढत गठ्ठे बांधणाऱ्या दाबयंत्राच्या तोंडात पडतो. ओला पुठ्ठा आला की तोंड तुंबतं. मग टोकाला जो असेल त्यानं लाल दोरी ओढून पट्टा थांबवायचा, वर चढायचं आणि गजानं ते मोकळं करायचं. चढायच्या आधी डाव्या हाताचा मोजा काढून दोरीवर अडकवायचा. मोजा लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. मग साहेब आले तरी बटणाला कोणी हात लावत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. आईला तिच्या आधीच्या बायकांनी शिकवलं, तिनं मला शिकवलं. तुला कोणी शिकवलं नाही, कारण तू तिथे कधी काम केलं नाहीस. तू अभ्यास करत होतास. बरोबरच होतं ते.

तुला नोकरी लागली ती या ग्रहामुळे, हे आई अजून लोकांना सांगते. मुलाखतीत तू त्यांना हाच पट्टा दाखवलास म्हणे, आणि ते खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले. मग तुमच्या कंपनीला नेमकं आईच्याच कारखान्यातली यंत्रं कॉम्प्युटरवरून चालवायचं काम मिळालं. त्या दिवशी तिनं पट्ट्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. साहेबांची तक्रार एकच होती, दोरी फार वेळा ओढली जाते आणि परत चालू करायला कोणी लवकर येत नाही. तू तिकडे ऑफिसात बसून, पडद्यावरचे चालू यंत्रांचे हिरवे ठिपके बघत, वळसा काढलास. दोरी ओढली की पट्टा थांबेल, पण कोणी पुन्हा ओढली नाही तर थोड्या वेळानं आपला आपण सुरू होईल. सुरू होण्याआधी तू एक शिट्टीसुद्धा ठेवलीस. दाबयंत्राशेजारी ती ऐकू येत नाही, दादा. तिथे स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. आणि दोरीवरचा मोजा तुझ्या ठिपक्याला दिसत नाही.

पहिले काही दिवस सगळे खूश होते. पट्टा आपोआप चालू झाला की बायका आईला चिडवायच्या, मुलगा घाई करतोय गं तुझा. तीही फुशारून हसायची.

टोपीवाले काका तुला माहीत आहेत. दाबयंत्राच्या टोकाला कायम तेच. आपण लहान असताना ते आपल्याला खिशातून खारे दाणे द्यायचे आणि वर म्हणायचे, टरफलं खाऊ नका, ती साहेबांसाठी आहेत. ओला पुठ्ठा आला, त्यांनी दोरी ओढली, मोजा अडकवला, वर चढले. पुढचं मी लिहीत नाही. तुला कळवलेलं आहे, आणि तेव्हापासूनच तू फोन उचलेनासा झालास. मी दवाखान्यात जाऊन आले. त्यांचा आता डावाच हात उरलाय. मला बघून म्हणाले, बरं झालं, आता मोज्याचा एक जोड दोनदा पुरेल. मी हसले नाही तर तेच म्हणाले, हस की, स्क्रू, नाहीतर मला रडावं लागेल. तो डावा मोजा अजून दोरीवर आहे. काढायला कोणी धजत नाही. पट्टा चालतो तेव्हा दोरी थरथरते आणि मोज्याची बोटं हलतात, कोणीतरी थांब थांब म्हटल्यासारखी. बायका तिकडे पाठ करून उभ्या राहतात.

मी साहेबांकडे गेले होते. म्हटलं, ते आपोआपचं काढून टाका. ते म्हणाले, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तुझ्या भावाला सांग. म्हटलं, मग तोवर पट्टा बंद ठेवा. त्यावर ते इतकं मनापासून हसले की मलाच अपराधी वाटलं. तुझ्या कंपनीत फोन केला, तर तो तुझ्याच टेबलावर वाजला असणार.

इथे जरा थांब. पुढे गोदाम आहे आणि शेवटची पाटी. त्याआधी आईचं सांगते.

तिला कोणी एका शब्दानं बोललं नाही. उलट जास्तच गोड वागतात, तिच्या डब्याजवळ डबा सरकवतात, आणि तेच तिला सहन होत नाही. टोकाच्या जागेवर उभं राहायला कोणी तयार होईना, तेव्हा साहेबांनी विचारायच्या आत आईनं हात वर केला. घरी येऊन मला सांगितलं ते भाजी निवडता निवडता, जसं काही उद्या केस धुवायचे आहेत. मी नाही नाही ते बोलले. तिनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या पोराचं यंत्र आहे ते. मला काही करायचं नाही ते."

दादा, तिला वाटतंय तू तिला बघतोयस. त्या हिरव्या ठिपक्यांतून तुला आई दिसते असं तिला खरंच वाटतं.

म्हणून हे पत्र. दुपारच्या पाळीला टोकावर तिचं नाव लागलंय. मी तिला सांगितलंय की पाळी बदलली, आज सुट्टी. तिनं विश्वास ठेवला आणि ती झोपलीय. तिचं कार्ड माझ्या खिशात आहे. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी घातली की आम्ही दोघी सारख्याच दिसतो, हे तूच म्हणायचास. आज ओला माल आलाय, तोंड तुंबणार हे नक्की. तेव्हा मी दोरी ओढेन, मोजा काकांच्या मोज्याशेजारी अडकवेन आणि वर चढेन. तुझ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका लाल होईल. ती मी असेन. तुझा वळसा तुला तिथे बसून काढून टाकता येतो, आणि फक्त तुलाच येतो. या पाटीखाली उत्तर लिहू नकोस, वाचायला इथे कोणी नसेल. खेळातला माझा बाहुला मी इथल्या पट्ट्यावर उभा करून ठेवलाय, भट्टीकडे तोंड करून. तारा जोडायच्या आधी त्याला खाली उतरव. कारखान्याचा भोंगा झाला, निघते.

तुझीच,
स्क्रू