बारावी समाधी

अहमदपूर, मंगळवार सकाळ

प्रिय सौदामिनी,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे माणसं ठीक आहेत. दहावीत तू विणून दिलेला निळा स्वेटर अजून माझ्या ट्रंकेत आहे, हे उगाच आठवलं. पत्रासोबत कंडक्टरने दिलेला थर्माकोलचा डबा उन्हात ठेवू नकोस आणि पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. (खवा नाही.) फोनवरच सगळं सांगितलं असतं, पण हे दिवसभर शेजारी बसून उसासे टाकतायत.

आडतीचं दुकान मुलाकडे सोपवून यांनी ससे पाळले, ते तुला माहीत आहेच. विकायला पाळले, पण किलोचा भाव विचारणाऱ्याला हे फाटकाबाहेर काढतात, त्यामुळे आठाचे बावन्न झाले. त्यात काळ्या कानांची एक पांढरी मादी आहे, तिला मी 'सिस्टर' म्हणते. नांदेडच्या कॉन्व्हेंटात आपली रांग तपासणाऱ्या सिस्टरसारखीच थांबून थांबून सगळ्यांकडे बघते. मी चहाला बसले की पायाशी येते. असो. शुक्रवारी सकाळी एक ससा मेलेला सापडला. आदल्या संध्याकाळी चांगला घास खाल्लेला, आणि नाकाशी रक्त. हे म्हणाले ऊन लागलं, पिंजरे झाडणारी नीलाबाई म्हणाली नजर लागली, मी गुलाबपाणी शिंपडलं (त्याचा काय उपयोग ते विचारू नकोस). काल सोमवारपर्यंत अकरा गेले. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, तसं यांनी एकेकाला बसवलं, कपाळाला भस्म लावलं, डोक्यावर बेल ठेवला. नीलाबाई म्हणाली, "माणसाला बी एवढं कोण करंना झालंय, मालक!"

काल दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या (तुझ्या मुग्धाच्या वयाची पोर). म्हणाल्या, सशांचाच विषाणू दिसतो, माणसाला होत नाही; पण याच्यासारखा मारणारा दुसराही आजार आहे, म्हणून यकृत तपासल्याशिवाय नाव सांगता येणार नाही. नाव कळेपर्यंत उरलेल्या एकेचाळिसांना कशापासून वाचवायचं तेच कळत नाही. एक पुरलेला उकरून द्या म्हणाल्या, तर हे ताडकन उठले. "समाधी उकरत नसतेत, मॅडम!" मग यापुढे मरेल तो द्या, म्हणाल्या. "त्यो बी समाधीच घेईल." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. तेव्हापासून दर तासाला पिंजरे मोजते आहे. शाळेत शिकवायचे तेव्हा हजेरीत कुणी 'प्रेझेंट' म्हटलं नाही की पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करायचे, तसं चाललंय.

बाकी सगळं क्षेम. मुग्धाला आणि अनिमेषला आशीर्वाद.

तुझी,
अंबिका

ता. क. : डबा उघडूच नकोस. बारावी आज पहाटे गेली. डॉक्टरीणबाईंनीच गुपचूप दोन पिशव्यांत बांधून, बर्फ भरून, बाहेरून औषधाने पुसून दिली आणि त्या देवणी गावाला गाईंना लस टोचायला गेल्या. तुझ्या घराजवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात त्यांनी कळवलंय. बर्फ विरघळायच्या आत रिक्षा करून पोचव. डबा दुधाशेजारी फ्रीजमध्ये ठेवला असशील, तर मला सांगू नकोस.

पुन्हा ता. क. : यांना सांगितलं, हिला मी माझ्या हाताने पुरते. खड्ड्यात बसवलाय तो तुझा स्वेटर. हे त्याला बेल वाहून, डोकं टेकवून आले. रागावू नकोस.

शेवटचं : डब्यात सिस्टर आहे. पाकिटात भस्माची पुडी ठेवलीय. तू लावत नाहीस, ठाऊक आहे, पण डबा हातातून देण्याआधी वर चिमूटभर लाव. तपासून झालं की परत देत नाहीत. मी विचारलं.