आईचं मशीन, नंबर पाचशे बारा

आईचं शिवणाचं मशीन तू विकायला काढलंस, आणि ते मला सख्ख्या बहिणीकडून नाही, एका यंत्राकडून कळावं? आग लागो असल्या शहाणपणाला. आता रीत म्हणून विचारते, धाकटे, बरी आहेस ना? थोरलीचा आशीर्वाद आहेच, तो रागातही लागू पडतो. माझे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे.

कळलं कसं ते ऐक. माझी नात जुन्या घरसामानाच्या वेबसाइटचं काम करते, माझ्याच खोलीत टेबल टाकून (खिडकी माझी, उजेड तिचा). त्या साइटच्या पोटात एक यंत्र बसवलंय. गिऱ्हाइकानं पलंग पाहिला, की ते म्हणतं, मग हेही बघा. पण मेल्याला वस्तूचं नाव घेता येत नाही, नुसते नंबर ओकतं. चारशे तीन, एकोणनव्वद, पाचशे बारा. आता नंबरावर कोण बसणार आणि कोण झोपणार? म्हणून प्रत्येक नंबराला नाव, फोटो आणि चार ओळी माहिती जोडायची, हे नातीचं काम. पोरगी ढीगभर शिकली, पण तिला तिवई आणि स्टूल यातला फरक कळेना. म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहिते." मी सांगत गेले. चारशे तीन, खुर्ची, दिसायला राजाची, बसल्यावर कळते. एकोणनव्वद, कपाट, दार लागतं पण लाथ घातल्यावर. (गोड बोलून माल खपवायचा धडा चौथीच्या पुढे असेल, मी तिथवर गेलेच नाही.)

मग आलं पाचशे बारा. फोटोत फळीवर इस्त्रीचा तो काळा डाग. इस्त्री तू विसरलीस, मार मी खाल्ला, तो डाग मी ओळखणार नाही तर कोण? आणि खाली विकणारी म्हणून तुझं नाव. नात म्हणाली, "मावशीआजीचं असलं तरी माहिती लिहावीच लागेल." म्हटलं, लिही. चालवताना किंचाळतं, दोरा खातं, दोन बहिणींत भांडण लावतं, एका बाईच्या बोटातून सुई आरपार घातली आहे (बोट माझं). कोणी जवळ फिरकू नये, एवढाच हेतू.

झालं उलटंच. ती माहिती वाचायला लोकांची रीघ लागली. आणि यंत्राची अक्कल अशी, की लोक जे उघडून बघतात तेच ते सगळ्यांपुढे नाचवतं. मी आणखी वाईट लिहायला लावलं, मशीन आणखी वर चढलं. आता कोणी बादली बघितली तरी शेजारी आपलं पाचशे बारा हजर. एका शिंप्यानं तर कळवलं, की इतकं खरं लिहिणारं माणूस पाहिलं नाही, रविवारी येऊन घेऊन जातो. म्हणजे तुझ्या दारात येतोय. नातीला म्हटलं, काढून टाक ते. तर म्हणते, माहिती मी बदलेन, वस्तू फक्त विकणारीच मागे घेऊ शकते.

ता. क. मशीन मला नको आहे. ठेवायला जागा नाही आणि चालवायला पाय नाहीत. पण चाळीस वर्षं तुझं एकवेळ जेवण चुकलं, शिवण चुकलं नाही. ते तू विकतेस म्हणजे तुला सुईत दोरा ओवता येत नाही. डोळे कधी गेले? आणि मला का नाही सांगितलंस? (सूनबाई, हे तू वाचून दाखवत असशील तर आवाज चढवू नकोस. ती बहिरी नाही.)

ता. क. दुसरं. रविवारच्या आत मशीन मागे घे. डॉक्टरांकडे मी नेईन, ते माझ्याकडे लागलं. उत्तर मात्र तूच लिहायचं, तुझ्या हातानं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या तरी मी लावून घेईन. तुझ्या सुनेच्या वळणदार अक्षरात "सगळं ठीक आहे" असं पत्र आलं, तर त्याच दिवशी गाडी धरून तुझ्या दारात उभी राहीन. पेनाला सुनेनं हात लावायचा नाही.